ओला गुंता

शेठच्या अंगावर तिसरी बादली ओतली, तेव्हा कुठे धाकटीला ताईने बजावलेलं आठवलं, "आधी विंचरायचं, मग आंघोळ. गुंता ओला झाला की आवळतो." आधी कळस मग पाया, ही धाकटीची जुनीच खोड.

शेठ म्हणजे ताईचा कुत्रा. वजनाने माणसाएवढा, अंगावर वीतभर केस, आणि चाल अशी की दुसरं नाव शोभलंच नसतं. ताई उपचारांसाठी परगावी गेली, त्याला चार महिने झाले. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"शेठला विंचरलंस?"

"आत्ताच गं. नुसतं रेशीम झालंय," धाकटी सोफ्यावर पाय पसरून सांगायची. पहिली थाप मारताना जीभ अडखळली होती. पुढे सवय झाली.

आज चार वाजता ताई घरी येणार होती, आणि कंगवा शेठच्या कानामागे बोटभरही सरकेना. पोटाखाली, मांड्यांत, शेपटीच्या बुडाशी केसांचे घट्ट गोळे झाले होते. तिने ओढून पाहिलं. शेठ कळवळला, पण गुरगुरला नाही. मग तिने कात्री घेतली. इकडे कापलं की तिकडे उंच दिसे. ते सारखं करता करता शेवटी शेजाऱ्यांकडून केस कापायचं मशीन मागून आणावं लागलं.

पुढच्या पायाच्या काखेतला गोळा निघाला आणि तिने मशीन बंद केलं. खालची कातडी लालभडक, सोललेली होती. किती दिवस ठसठसत होतं कोण जाणे. तो रोज कण्हत तिच्या पायाशी येऊन बसायचा आणि तिला वाटायचं, स्वारी लाडात आलीय.

"चुकले रे मी," ती म्हणाली. शेठने तिचा हात चाटला. त्यापेक्षा तो चावला असता तर बरं झालं असतं. मलम लावता लावता तिने ठरवलं, ताईला सगळं खरं सांगून टाकायचं.

बेल वाजली. दारात ताई होती, निम्मी झालेली, डोक्याला स्कार्फ बांधलेली. सगळे केस गेल्याचं तिने फोनवर सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. शेठ उघडाबोडका धावत तिच्याकडे गेला. ताई बघतच राहिली.

"ताई, ऐक ना, मी..."

ताईने हातानेच तिला थांबवलं. स्कार्फ सोडला, खाली बसली आणि आपलं तुळतुळीत डोकं शेठच्या पाठीवर टेकवलं. ती हसतही होती आणि रडतही होती.

"एवढे रोज विंचरून राखलेले केस," ती म्हणाली, "आणि मला एकटं वाटू नये म्हणून कापलेस गं?"

"हो," धाकटी म्हणाली. शेठकडे बघायचं मात्र तिने टाळलं.