झोपेची वही

सकाळी नऊला नवरा आडवा झाला. तिने वहीत वेळ लिहिली. दहा मिनिटांनी घोरणं सुरू झालं, ती वेळही लिहिली.

वही ठेवायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कारखान्याच्या गेटवर गेटपास तपासत, आत-बाहेरच्या नोंदी करत रात्रपाळी करणाऱ्या माणसाने दिवसा झोपावं कसं, हे त्यांनी तिला नीट समजावलं. खिडकीला काळे पडदे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहाटेचा चहा बंद. रोज एकाच वेळी अंथरूण.

"झोपव बाई," नवरा म्हणाला होता. "तुझ्या हाताला तरी यश येतंय का बघू."

तिने मनावर घेतलं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कुकरच्या शिट्ट्या तो यायच्या आत उरकल्या.

"किती जपतेस गं त्यांना," शेजारीण म्हणाली. "आमच्याकडे एवढं केलं असतं, तर डोक्यावरच बसले असते."

ती नुसती हसली आणि कपाळावरचे केस पुढे घेतले. टाक्यांची खूण अजून लाल होती.

झोप झाली नाही की त्याचा हात सुटतो, असं ती स्वतःला सांगत आली होती. झोप झाली तरी सुटतो, हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. वही मात्र तिने सोडली नाही. तो केव्हा अगदी गाढ झोपतो, हे आता तिला स्वतःसाठी हवं होतं.

एकदा तिने मुद्दाम ताट पाडलं. हूं नाही की चूं नाही. मग ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. नंतर बहिणीकडे. शनिवारी थेट बसस्टँडवर, तिकीट काढायला. दर वेळी परतली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून घोरत होता.

आज अकराची बस होती.

"आज निघ," बहिणीने फोनवर बजावलं होतं. "नाहीतर पुढच्या वेळी मी तुला दवाखान्यात भेटायला येईन."

साडेदहाला तिने माळ्यावरून बॅग काढली. चप्पल तिने हातात घेतली, पायात नाही. न सांगता गेले तर हा पोलिसांत जाईल, म्हणून दोन ओळींची चिठ्ठी ठेवायचं तिने ठरवलं. मागचं एखादं कोरं पान फाडावं म्हणून वही उलटी उघडली.

मागची पानं कोरी नव्हती. पट्टीने रकाने आखलेले होते. अक्षर नवऱ्याचं होतं.

सोमवार. बाहेर अकरा पाच, आत अकरा वीस. दुकान.

गुरुवार. बाहेर दहा चाळीस, आत बारा. बहीण.

शनिवार. बाहेर दहा पन्नास, आत पाऊण. एक तिकीट.

आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं होतं. कधी थांबलं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटच्या ओळीत आजची तारीख होती.

बायको. सोबत एक बॅग. गेटपास नाही.