टॉवेल कोणी टाकायचा

हॉस्पिटलच्या खोलीत बसून मुलगी फोनवरून तिच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होती. "थ्रो इन द टॉवेल, म्हणजे हार मानणे."

"अर्धवट सांगू नकोस गं," पलंगावरच्या आईचं कपाळ टॉवेलनं पुसत बाबा म्हणाले. त्यांचा सगळा जन्म बॉक्सर घडवण्यात गेलेला. "रिंगमधला पोरगा हार मानतच नाही, मार खात उभा राहतो. टॉवेल कोपऱ्यातून कोच टाकतो. बघवत नाही म्हणून."

"तुम्ही टाकलात कधी?"

"छे! माझी पोरं उभी असायची ना."

आई डोळे मिटून ऐकत होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. "गाठ वाढलीय. आणखी एक औषध आहे, पण त्रास जास्त, आशा कमी. सुरू करू या?"

आईनं दरवेळेसारखं आधी बाबांकडे पाहिलं आणि मान हलवली. "करा."

बाबांना चादरीवरची तिची घट्ट वळलेली मूठ दिसली. त्यांनी हातातला टॉवेल पलंगाच्या पायथ्याशी टाकला.

"नको, डॉक्टर. पुरे आता. हिला घरी नेतो."

तिची मूठ हळूहळू उघडली.

"किती उशीर लावलात हो," आई म्हणाली.