मुठ्याची खेप

भिकू ट्रकखालून सरपटत बाहेर आला तो चाकावरच्या कमानीचे, स्प्रिंगचे, दोन पाटे हातात घेऊनच. डाव्या अंगाचं काम झालं होतं, उजवं राहिलं होतं. समोर हैबतराव उभे होते. त्याचे चुलते आणि ट्रकचे निम्मे मालक.

"पाटं काढलंस? आता ह्यात भाताची पोती भरायची कशी?"

"ह्या खेपंला पोती न्हाईत, तात्या. आई हाय. समदं पाटं ठिवलं तर गाडी नुसती उधळंल."

त्याचं खरं होतं. लष्कराच्या लिलावातला तो ट्रक ओझ्यासाठीच जन्माला आलेला. भरलेला असला की गुमान चालायचा आणि रिकामा असला की खड्ड्याखड्ड्याला माणसाची हाडं खिळखिळी करायचा. त्याची आई चंद्राबाई पुण्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. पोटातल्या गाठीमुळे नुसती कूस बदलली तरी ती कळवळायची. तिने लेकाकडे एकच मागणं मागितलं होतं. मरण गावी, मुठ्याला, आपल्या घरात यावं.

भिकू कुठल्या गॅरेजात शिकला नव्हता. खोलायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, हीच त्याची शाळा. उजवे पाटेही त्याने काढले. चाकांतली थोडी हवा सोडली. हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी होत्या, त्यांना दोर बांधून बाज अधांतरी टांगली. खाली पेंढा अंथरला. मग मागच्या फाळक्याला खांदा लावून हौदा गदागदा हलवून पाहिला. बाज जागच्या जागी झुलत राहिली. तेव्हा कुठे त्याने हात पुसले.

हैबतराव सगळं बघत होते. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

"आन तिला. पर वाटंत काय वंगाळ झालं तर ह्या गाडीत कोन वऱ्हाड बसवंल? मढ्याची गाडी म्हनत्याल."

तेही खोटं नव्हतं. ज्या गाडीत माणूस गेलं, त्या गाडीत त्या भागात नवरानवरी पाय ठेवत नसत. लग्नसराई तोंडावर आली होती आणि गावातल्या वाल्मीकने लेकीच्या लग्नाला हाच ट्रक सांगून ठेवला होता. पण भिकूच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खी भावजय मरणाला टेकलेली आणि ह्या माणसाला वऱ्हाड सुचतंय! तो काढलेले पाटे उचलून चालू लागला. उत्तर दिलं असतं तर पुढे आयुष्यभर बोलणं राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून निघताना हैबतराव कुणी न सांगता हौद्यात चढले आणि बाजेशेजारी मांडी घालून बसले. भिकूने गाडी सुरू केली. गाडी कसली, पाण्याने काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखा तो चालला होता. खड्डा दिसला की वळसा, दगड दिसला की ब्रेक. मागून बैलगाड्या आल्या आणि पुढे निघून गेल्या. त्याला लाज वाटली नाही.

केबिनच्या मागच्या झरोक्यातून चुलत्याचा आवाज येत होता.

"वैनी, भूगावचं तळं आलं बगा. पानी लई आटलंया."

आई पुटपुटली असेल, नसेल. तिचा आवाज इंजिनाच्या वर येण्याइतका उरलाच नव्हता. हैबतराव मात्र बोलत राहिले. भुकूम मागे पडलं, पिरंगुटची चढण लागली, तरी त्यांचं तोंड थांबेना. तिच्या हातच्या कालवणाची थट्टा झाली. थोरल्या भावाच्या लग्नात ती रुसून बसली होती, ते झालं. जन्मात जे भावजयीशी दोन शब्द गोड बोलले नाहीत, ते आज पोथी लावल्यासारखे बोलत होते. भिकू मनात म्हणाला, बोला, बोला. गाडी विटाळू नये म्हणून जागी ठेवताय तिला.

"तात्या, आई बरी हाय न्हवं?" उरवड्याजवळ त्याने ओरडून विचारलं.

"हाय, हाय. तू म्होरं बघ."

मुठ्यात घरापुढे माणसं जमली होती. वाल्मीकही आला होता. आत बायांनी जमीन सारवून अंथरूण घातलं होतं. भिकूने उडी मारली आणि धावत जाऊन फाळका पाडला. आई बाजेवर शांत पडली होती. त्याने तिच्या पायाला हात लावला आणि हात तिथेच राहिला. पाय गार होते. आत्ताच गार पडलेले नव्हते ते.

घरात गेली, उंबऱ्यात गेली, असं सांगितलं असतं तर कोण खोटं पाडणार होतं? सगळ्यांच्या नजरा हैबतरावांकडे लागल्या. ते हळूच खाली उतरले. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"वैनी भुकूमच्या अलीकडंच गेल्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडीतच गेल्या. वाल्मीक, पोरीच्या लग्नाला दुसरी गाडी बघ बाबा."

भिकूचा बांध फुटला.

"मंग मला का न्हाई सांगितलं? वाटभर कुनाशी बोलत व्हतासा तुमी?"

हैबतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू आईला घरी आनत व्हतास, पोरा. आर्ध्या वाटंपास्नं तुला मढं आनायला लावू व्हय?"