परकं विरजण

वर्ध्याला आईच्या घरी दहीभाताचे चार घास पोटात गेले आणि हेमांगीच्या मनगटावरचा पट्टा बोलला, "परके जंतू आढळले. नष्ट करत आहे."

वाढायला बसलेल्या आईचा हात थबकला. "काय गं म्हणतोय तो?"

"काही नाही गं." हेमांगीने घाईघाईने ओढणी पट्ट्यावर ओढली.

माशीच्या आतड्याची युक्ती आता माणसांनीही उसनी घेतली होती. ओळखीच्या जंतूंना आतडं सांभाळून घेई आणि अनोळखी दिसला की जहाल ऑक्सिजन सोडून त्याला जाळून टाकी; मनगटावरचा पट्टा तसं कळवी. मात्र ही ओळख सुरुवातीलाच करून द्यावी लागे. म्हणून हेमांगीवर हा उपचार करण्याआधी दवाखान्याने घरच्या दह्याचा नमुना मागितला होता आणि आईने वर्ध्याहून विरजणाची डबी पाठवली होती. त्या चकाचक दवाखान्यात तेलकट झाकणाची डबी पुढे करायची हेमांगीला लाज वाटली. तिने विरजण बेसिनमध्ये ओतून दिलं आणि दुकानातल्या दह्याचं पाकीट नेलं.

पट्टा ओढणीखालून पुन्हा तेच बोलला. या खेपेस आईला नीट ऐकू आलं.

"परके? अगं, याच दह्यावर तर वाढलीस तू." मग आईच ओशाळली. "माझंच चुकलं असेल. डबी नीट घासली गेली नसेल माझ्याकडून."

आई दहीभाताची वाटी उचलायला वाकली, तशी हेमांगीने वाटी घट्ट धरून ठेवली. तिला मान वर करवेना.

"डबी स्वच्छ होती, आई."

"मग गं?" आईने विचारलं.