वासाचा वारसा

चंपतराव नातीच्या प्रदर्शनात शिरले आणि सवयीने आधी माणसं मोजली. अकरा होती, त्यातली सात चहापाशी. काजलने भिंतीवर काचेच्या बाटल्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक वास भरला होता.

"आबाजी, बापानं ज्या वासाचा धसका घेतला, त्याले त्याचे लेकरंही दचकतात. धसक्याची खूण खाली उतरते. शास्त्रज्ञाईले हे उंदरात दिसलं, मी आपल्या घरात शोधलं."

"आपल्या घरात कोणता वास वं?"

"तुम्हीच सांगता ना, स्टोव्ह भडकला अन् आजी जळून गेली. पाच वर्षांचे बाबा तिथंच होते. म्हणून पहिली बाटली रॉकेलची."

चाळीस वर्षं सांगून ते वाक्य चंपतरावांना पाठ झालं होतं. आता ते भिंतीवरही लागलं, याचं त्यांना बरंच वाटलं. "मंग! धसका बसनारच ना पोराले."

"तेच तर नवल. काल बाबानं रॉकेल आरामात हुंगलं. पण घरातला रोजचा वास म्हणून दुसरी बाटली उघडली, तर थरथर कापत कोपऱ्यात जाऊन बसले."

"काय होतं तिच्यात?"

"तुमचं डोक्याचं चमेलीचं तेल."

चंपतराव हसले आणि आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलला. काजल मागे सरकली.

"नका, आबाजी. तुम्ही डोक्यावर हात ठेवला का मी लहानपणापासून श्वास रोखून धरतो. काहून, ते काल समजलं."