उलटा पीळ

"बाळाचे ठोके कमी व्हायलेत," एवढंच सांगून सिस्टर आत गेली आणि दार लागलं. आत चंदा होती. पहिली खेप, म्हणून माहेरी आलेली. बाहेर बाकावर तिची आई सुगंधाबाई बसली होती.

नुसतं बसवेना, म्हणून तिनं हातांना काम दिलं. पिशवीतून टकळी काढली, काळ्या लोकरीचा पुंजका काढला आणि सूत काढायला लागली. सुगंधाबाईच्या हातांची गोष्ट येलदरीकडच्या कुण्याही मेंढक्याला विचारा. एकदा म्हणे तिला झोप लागली आणि टकळी चालूच राहिली. सकाळी बघतात तर उशाला घोंगडीभर सूत, आणि वाघुरीच्या जाळीतल्या चार मेंढ्या उघड्या पडून थंडीनं कुडकुडायलेल्या. खरंखोटं मेंढ्यांना ठाऊक. पण आज टकळी खरोखरच तिला न विचारता फिरत होती. ती फिरत होती तोवर छातीतली धडधड जरा मागं राहायची. थांबली की धडधड तिला गाठायची.

शेजारी धम्मशीलाबाई होत्या, वालूरच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांची सून रोहिणी पलीकडच्या खोलीत कळा यायची वाट बघत पडली होती. बाई पिवळ्या लोकरीचा ओंजळीत मावेल एवढा स्वेटर विणत होत्या. एक बाही झाली होती, दुसरी सुयांवर होती.

"किती बारीक सूत काढता, मावशी. काय करणार याचं?"

"घोंगडी. आत हाय त्याच्यासाठी," सुगंधाबाई म्हणाली आणि दाराकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात तिचा नवरा सटवाजी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आला. आला आणि खांबासारखा उभा राहिला.

"अगं, काय करायलीस तू?"

सुगंधाबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. टकळी फरशीवर पडली.

अख्ख्या वस्तीला हा नेम तीच शिकवत आली होती. बाई अडली की घरच्यांनी पीळ घालायचा नाही. दोरी वळायची नाही, वेणी घालायची नाही, सूत तर हातातच धरायचं नाही. बाहेर पीळ पडला की आत नाळेला पीळ पडतो. मागच्या साली धुरपताबाईच्या हातातलं चऱ्हाट तिनंच हिसकून फेकलं होतं, वर चार शिव्या दिल्या होत्या. आणि आज पोटची पोर आत, अन् ही बाहेर बसून पीळ घालायलीय.

"म्याच घातला," ती म्हणाली. "माझ्या हातानं घातला."

"असं काही नसतं, मावशी." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ पोटात आपलं आपण फिरतं, त्यानं नाळ अडकते. तिला काय माहीत बाहेर तुम्ही काय करताय? आमच्या घरात असलं कुणी मानत नाही."

सटवाजीला मानायला वेळ लागला नाही. त्यानं कप बाकावर ठेवले, फेटा सोडला, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, मनगटावरचा गंडा दातांनी तोडला आणि मग आणखी काय सोडावं म्हणून कमरेकडं बघितलं.

"धोतर राहू द्या," सुगंधाबाई रडत म्हणाली. "दवाखाना हाय."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी स्वेटरमागं लपवलं.

सुगंधाबाईनं टकळी उचलली. सुताचं टोक शोधलं, आणि सबंध जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. टकळी उलटी फिरवली. तिचीच बोटं तिला अडवायला लागली; एक वेढा सुटायचा, की सवयीनं दुसरा घालायची. तिनं दात आवळले. हळूहळू पीळ सुटत गेला, सूत सैल पडलं, ओढलं की तुटायचं आणि पुन्हा लोकर होऊन मांडीवर पडायचं. "सुट," ती म्हणत होती. "सुट, माय."

एक सिस्टर पळत आत गेली. सटवाजीनं विचारायला तोंड उघडलं, ती थांबली नाही. आतून चंदाचा आवाज येत होता तो बंद झाला. नुसतं भांडं आदळल्यासारखं काहीतरी वाजलं, मग तेही नाही.

मांडीवर काळा ढीग झाला. टकळी रिकामी झाली. सोडायला काही उरलं नाही, तसा तिनं अंबाड्याला हात घातला आणि पांढरे केस पाठीवर मोकळे टाकले.

दार उघडलं.

"मुलगी हाय. सिझर करावं लागलं," सिस्टर म्हणाली. "मानेला नाळेचे वेढे होते. आता लय रडायलीय, ऐका."

"अन् चंदा?"

"बरी हाय. टाके घालायलेत."

सुगंधाबाईनं तोंड लोकरीत खुपसलं. सटवाजीनं फेटा हातात घेतला, पण आता बांधावा का अजून थांबावं हे त्याला ठरवता येईना. तो गार चहा पीत उभा राहिला.

"रोहिणीचं कोण हाय?" पलीकडून हाक आली. धम्मशीलाबाई उठल्या, तशी सिस्टर म्हणाली, "कळा सुरू झाल्यात, आत घ्यायलोत. तुमी इथंच बसा."

दार पुन्हा लागलं.

बाई बसल्या. चार टाके विणले आणि थांबल्या. बोटाभोवती पिवळ्या लोकरीचा वेढा होता, त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं. सुई उपसली आणि धागा ओढला. बाही भराभरा उसवत गेली, मग गळा, मग पाठ. वाकडी-तिकडी लोकर फरशीवर पडायला लागली.

सुगंधाबाईनं तोंड वर केलं. वाकून तिनं पिवळं टोक उचललं आणि आपसूक बोटांवर गुंडाळायला लागली.

"गुंडाळू नका, मावशी," बाई हळूच म्हणाल्या. "नुसतं धरा."