खानदानी मासा

आनंद नगरच्या त्या गल्लीत आजवर इतक्या उच्च कुळातला जीव राहायला आला नव्हता. सध्या त्याचा मुक्काम फ्रीजवर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत होता, आणि बरणीच्या झाकणाला अजून हिंगाचा वास येत होता.

बरणी तात्पुरती. गजाननरावांनी गोविंदपुऱ्यातल्या ओळखीच्या कारखान्यात खास टाकी करायला टाकली होती. स्टीलची चौकट, जाड काच, आणि दर्शनी बाजूला पितळेची पट्टी. पट्टीवर काय कोरायचं तेही त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं: ‘रांचू’.

हा निर्णय घाईत झालेला नव्हता. गोल्डफिशच्या जातींचा तक्ता छापून आणून त्यांनी फ्रीजला चिकटवला आणि एकेक जात लाल पेनानं बाद केली. तक्त्यातल्या बाकी सगळ्यांच्या पाठीवर पर होता. बरणीतल्या माशाच्या पाठीवर नव्हता. उरला रांचू. जपानात त्याला गोल्डफिशचा राजा म्हणतात. निकाल देणाऱ्या गजाननरावांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली होती, तेव्हा शंकेला जागा नव्हती. माप किंचित चुकलेले भाग घेऊन लोक तिथं यायचे, “साहब, डेव्हिएशन लिहून पास करा ना,” म्हणून गळ घालायचे, आणि तोच भाग घेऊन परत जायचे. गजाननरावांनी डेव्हिएशनवर कधी सही केली नाही. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी याचं कौतुक केलं, आणि त्यानंतर त्यांना कुणी काही तपासायला सांगितलं नाही.

त्यांच्या पत्नी शालिनीबाईंची अडचण वेगळीच होती. मासा त्यांनी निवडला होता. दुकानातल्या टाकीत बाकीचे मासे त्याला चावत होते, पाठीवरचा पर त्यांनी पार कुरतडून टाकला होता, म्हणून शालिनीबाईंना दया आली. “आ जाएगा वापस, आंटी,” दुकानदार म्हणाला होता. हे त्या घरी पोचताच सांगणार होत्या. पण तोवर गजाननरावांनी कपाटातून मापं घ्यायचा व्हर्निअर काढला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

“टॉर्च धर,” ते म्हणाले.

शालिनीबाईंनी टॉर्च धरला.

आता मात्र माशाच्या पाठीवर दोऱ्यासारखी पांढरी रेघ उमटायला लागली होती. शालिनीबाई येता-जाता बरणीवर फडकं टाकत. “उजेड सोसत नाही त्याला,” म्हणत.

“राजघराणं आहे,” गजाननराव म्हणत.

आज फडकं काढावं लागलं, कारण शेजारचे रवींद्र बरडे चहाला आले होते. बरड्यांकडे ब्रूनो नावाचा लॅब्रडॉर होता. ब्रूनोच्या पणजोबांपर्यंतची नावं बरड्यांना पाठ होती, आणि आता गल्लीलाही झाली होती.

“पाहा,” गजाननराव म्हणाले. “रांचू.”

“म्हणजे आमच्या ब्रूनोसारखं खानदान आहे म्हणा की.”

“ब्रूनोचं खानदान कागदावर आहे, बरडे. याचं अंगावर आहे. पाठ बघा त्याची. कोरी.”

बरड्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक बरणीला टेकवलं. “मग हे पांढरं काय आहे, बाप्पा?”

बिस्किटांची बशी घेऊन आलेल्या शालिनीबाई होत्या तिथंच थांबल्या.

गजाननरावांनी खणातून भिंग आणलं. “शालिनी, टॉर्च.”

उजेड बरणीच्या बाजूला, फ्रीजवर पडला.

“नीट धर.”

ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. मासा मजेत होता. भिंगातून रेघ स्वच्छ दिसत होती. तिला बारीक काटेसुद्धा फुटले होते. नवऱ्याची अशी ताठलेली मान शालिनीबाईंच्या ओळखीची होती. आता ‘बाद’ हा एक शब्द येणार, ज्यावर कारखान्यात कुणाकडे दाद मागता येत नसे. बरड्यांनी हसायची तयारी करून ठेवली.

गजाननरावांनी भिंग खाली ठेवलं. एकदा माशाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. तिनं टॉर्च अजून तसाच धरला होता.

“किंचित डेव्हिएशन आहे,” ते म्हणाले. “पास.”

“चालतं का असं?”

“मी म्हटलं की चालतं.”

त्या आवाजापुढं हरकत घ्यायची सोय नव्हती. बरड्यांनी काढलेलं हसू परत ठेवलं आणि मोबाइल काढून माशाचे फोटो घेतले, दोन्ही बाजूंनी. निघताना दारात चपला घालता घालता ते घुटमळले.

“का हो गजाननराव, आमच्या ब्रूनोलाही एकदा पाहता का? कान थोडे लहान वाटतात मला. कुणाला बोललो नाही अजून.”

“आणा उद्या सकाळी,” गजाननराव म्हणाले. “दिवसाच्या उजेडात बघू.”

दार लागलं. ते व्हर्निअर पुसायला बसले. शालिनीबाईंनी कपबशा उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

“अहो, तो पर ना…”

“येऊ दे,” गजाननराव म्हणाले.

पंधरवड्यानं टाकी आली. पितळेच्या पट्टीवर ‘रांचू’ हे नाव ठसठशीत कोरलेलं आहे. आत पाठीवर पुरा पर असलेला साधा गोल्डफिश असतो.